जटाळ्याचा पत्ता

“तुझे वडील खोटं बोलताहेत,” नगरकट्टी मॅडम म्हणाल्या.

चहात साखर कमी पडली आहे, हे सांगावं इतक्या शांतपणे. त्यांच्यासमोर पांढऱ्या ट्रेमध्ये माझा प्राणी स्पिरिटात पडला होता आणि त्या चिमट्याने त्याची एकेक वेटोळी उलगडून बघत होत्या. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि मॅडम खास मुंबईहून आल्या होत्या. तारामाशांच्या सगळ्या कुळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्यासमोर आमचे प्राध्यापकसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसायचे. पण माझ्या बापाला खोटारडा म्हटल्यावर गप्प बसेन, अशी माझी जात नव्हती.

“माझे बाबा तांडेल आहेत, मॅडम,” मी म्हटलं. “मुरवणे बंदरात त्यांच्या शब्दावर माणसं होडी पाण्यात घालतात.”

“घालू देत की. पण तू मला लिहून दिलंस, हा खाडीच्या तोंडाबाहेर सहा वाव खोलीवर मिळाला. तिथे काय आहे ते बघ.” त्यांनी दर्यावर्दी लोकांचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. “चिखल. पुढे बरंच अंतर नुसता चिखल. चिखलात हा एक दिवस जगणार नाही. ह्याला खडक लागतो. खडकावर समुद्रपंखा नावाचं पोवळं वाढतं, आणि त्या पंख्याला विळखा घालून हा बसतो. आता हे बघ.”

चिमट्याच्या टोकाला एक तांबूस काडी होती. नखाएवढी.

“समुद्रपंख्याची फांदी. मेला तरी सोडली नाही त्याने. प्राणी खरं सांगतोय, सुगंधा. त्यामुळे खोटं दुसरंच कुणीतरी बोलतंय.”

मॅडमनी चिमटा खाली ठेवला, चष्मा काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मायेने बघितलं.

“हा दूर दक्षिणेच्या बेटांकडचा प्राणी. आपल्या किनाऱ्यावर तो आहे असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. नवी नोंद म्हणजे दोनच गोष्टी असतात, कोण आणि कुठे. कोण, ते मी सांगते. कुठे, ते सांगता आलं नाही तर हा दिवाणखान्यात मांडायचा शंख-शिंपला झाला. उद्या कुणीही म्हणेल, पोरीने बाजारातून आणला.” त्या उठल्या. “पुढच्या आठवड्यात मी मालवणला चाललेय. वाटेत तुमच्या बंदरावर उतरते. जागा खरी कळली, तर निबंधावर तुझं नाव माझ्या आधी. नाही कळली, तर नोंद नाही.”

त्या दिवशी एसटीने घरी जाताना मी खिडकीशी बसून मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. राजापूरपर्यंत भांडण मी जिंकत होते. राजापूरच्या पुढे मात्र मला शरमेने हसू यायला लागलं, कारण मॅडम म्हणत होत्या ते खरं होतं, आणि बंदरावर जन्म काढून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही गाबीत, पिढीजात मासेमार. आमच्याकडे मासा किती मिळाला ते खरं सांगतात, कारण टोपल्या सगळ्यांना दिसतात. कुठे मिळाला ते कुणी खरं सांगत नाही. त्याला आमच्यात खोटं बोलणं म्हणतच नाहीत. दक्षिणेला जायचं असलं की होडी आधी उत्तरेला हाकायची, नजरेआड झालं की वळवायची. वाटेत दुसरी होडी दिसली तर गळ वर ओढून बिडी पेटवायची आणि बसल्याजागी डुलक्या काढायच्या. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. तरीही त्या दिवशी बाबांनी बादली माझ्यापुढे ठेवली आणि मी वही उघडून विचारलं, “बाबा, खंय गावलां ह्यां?” तेव्हा ते पापणीही न हलवता म्हणाले, “खाडीभायर. सहा वावार.” आणि मी, सायन्स शिकलेली शहाणी, ते तसंच्या तसं लिहून घेतलं. त्यांचा दोष नव्हता. ‘कुठे’ हा प्रश्न कानावर पडला की त्यांचं तोंड आपोआप दुसरीकडचं नाव घ्यायचं.

बादलीत होतं ते सोंग मात्र त्यांनी खास माझ्यासाठी जपून आणलं होतं. गळाला गुरफटून आलेलं. मधे मुठीएवढी चकती, तिला पाच हात, त्या हातांना फांद्या, फांद्यांना आणखी फांद्या, आणि प्रत्येकीचं टोक वळून वळून गुंडाळलेलं. बाबा त्याला ‘जटाळां’ म्हणाले. दुसऱ्या कुणी ते शिव्या घालत सुरीने कापून दर्यात टाकलं असतं. बाबांनी अख्खी दुपार खर्चून एकेक वेटोळं गळाच्या दोरीवरून सोडवलं होतं. “तुका असली थेरां आवडतत म्हणान,” एवढंच म्हणाले होते. आज मी अशा नोंदींवरच जगते, आणि लोक मला सभेत हार घालतात. पण पहिलं जटाळं बाबांनी सोडवलं, हे मी हार घालून घेताना दर वेळी सांगते.

घरी पोचले तेव्हा बाबा ओटीवर गळ बांधत बसले होते. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“बाबा, तुमी माका जागो खोटो सांगलास.”

“कोण म्हणता?”

“मुंबयची मॅडम. म्हणता, थंय चिकल आसा. जटाळां खडपाशिवाय ऱ्हवणा नाय.”

बाबांचे हात थांबले. तोंडभर हसू आलं. “तिका कसां कळलां गो?”

“जटाळ्याच्या हातात समुद्रपंख्याची काडी होती.”

“शाबास!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “ती बाय होडयेर असती तर तांडेल झाली असती. माझ्या भावाक यतक्या वर्सांत जां जमाक नाय, तां तिना खुर्चयेर बसान केलान!”

भाऊ म्हणजे भिकूकाका. बाबांपेक्षा धाकटे, त्यांची स्वतःची होडी, आणि जीभ गळापेक्षा धारदार. बाबांना तांबोशी आणि हेकरू हे मोठे मासे कुठे मिळतात ते शोधायला काका एकदा दिवसभर त्यांच्या मागे लागले होते. बाबांनी त्यांना ऐन दर्यात नेऊन गोल गोल फिरवलं. संध्याकाळी दोन्ही होड्या रिकाम्या आल्या. काकांनी धक्क्यावर सगळ्यांसमोर खोचून विचारलं, “काय दादा, आज काय गावलां?” बाबा म्हणाले, “तू गावलस.” त्यानंतर कितीतरी दिवस दोघांचं बोलणं बंद होतं, आणि बंदर मात्र हसत होतं.

मी बाबांसमोर उकिडवी बसले. नोंद म्हणजे काय, ते सांगितलं. माझं नाव छापून येईल, आपल्या दर्यात हा प्राणी आहे हे जगाला कळेल, मला पुढे संशोधनाची वाट मिळेल, हे सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. हसू हळूहळू मावळत गेलं.

“छापून येतला म्हणजे जागोय छापून येतलो?”

“होय.”

“भिकू वाचतलो?”

“त्यांचो झील वाचून दाखवतलो.”

बाबांनी गळाची दोरी गुंडाळून ठेवली. “तां जमाचा नाय, सुगंधा. दुसरां कायव माग.” आणि उठून मागीलदारी गेले.

आई चुलीशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला हाताने जवळ बोलावलं.

“तू काय मागतसस तां तुका कळता काय गो?” ती हळू आवाजात म्हणाली. “तो खडप तुझ्या आज्यान शोधलान. भायर जाळी फाटतत, गळ तुटतत, म्हणान कोण जायत नाय. आज्यान मराच्या आदी तेची खूण एकाकच सांगलान. मोठ्या झिलाक. भिकू धक्क्यार रडत होतो, तरी तेका सांगूक नाय. तांडेल खूण एकाकच सांगता. ह्या घरात जां शिजता, तुझ्या कालेजाची फी, सगळां त्या खडपाचां.”

“मग बाबा कोणाक सांगतले? त्यांका झील नाय.” बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच.

“तांच तर.” आईने जाळ पुढे सारला. “कोणाक नाय.”

त्या रात्री आईने पानं वाढली. मला मनातून राग आला होता, खोटं कशाला बोलू? समुद्राच्या तळाचा एक दगड, आणि तो माझ्या नावाच्या आड येऊन बसला होता. पण बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. भातात माशाचा काटा असल्यासारखे ते एकेक शीत चिवडत होते.

सकाळी ऊन अंगणात आलं तरी बाबा बंदरावर गेले नव्हते. अंगणात उभे होते, डोक्याला पंचा, हातात नारळ.

“चल,” ते मला म्हणाले. “साडयेचो पदर खोच.”

“खंय?”

“होडयेर.”

आई बाहेर धावत आली. आमच्याकडे मासेमारीच्या होडीवर बाईमाणूस चढत नाही. खाडी ओलांडायला, देवीच्या जत्रेला बेटावर जायला चढेल. पण गळ टाकायला नाही. “अवो, लोक काय म्हणतले?”

“लोक म्हणतले तां माका ऐकाक येवचां नाय,” बाबा म्हणाले. “मशीन मोठ्यान वाजता.”

धक्क्यावर खलाशी जाळ्यांवर बसले होते, त्यांच्या माना आमच्याबरोबर वळल्या. भिकूकाका त्यांच्या होडीला डांबर लावत होते. त्यांनी कुंचला तसाच हवेत धरला. “दादा, चेडवाक घेवन खंय?”

“पोवाक शिकवतंय,” बाबा म्हणाले.

आम्ही दोघंच होतो. खाडीचं तोंड ओलांडलं तशी बाबांनी होडी थेट दक्षिणेला घातली. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, “बाबा, हंयसर खडप आसा?”

“नाय.” ते ओशाळून हसले. “हाताक सवय. भिकू बघता काय तां बघी होतंय.” आणि सुकाणू फिरवून त्यांनी होडी पश्चिमेला वळवली.

किनारा लहान होत गेला. घरं गेली, माड गेले, मग नुसती डोंगरांची निळी रांग उरली. मी एवढ्या बाहेर कधी आलेच नव्हते. समुद्राची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली मी, आणि समुद्र आतून असा दिसतो हे मला आत्ता कळत होतं. एका जागी बाबांनी मशीन बंद केलं. होडी डुलायला लागली. माझ्या डोळ्यांना तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं, सगळीकडे तेच पाणी.

“जमनीकडे तोंड कर,” बाबा म्हणाले.

मी केलं. त्यांनी समुद्राचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझ्या ओंजळीत ओतलं. “सांडू नको. मी एकदाच सांगतलंय. तू तीनदा म्हण.”

मग त्यांनी खुणा सांगितल्या. दीपगृह सड्यामागच्या, म्हणजे कातळी पठारामागच्या, डोंगराच्या खाचीत बसलेलं दिसलं पाहिजे, खाचीच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही. आणि त्याच वेळी बेटाचं दक्षिणेचं टोक किल्ल्याच्या शेवटच्या बुरजाला टेकलं पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की खाली बावीस वावांवर खडप. मी डोळे बारीक करून बघितलं. दीपगृहाची पांढरी काडी डोंगराच्या खाचीत उभी होती. बेटाचं नाक बुरजाला चिकटलं होतं. मी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज आपोआप मोठा झाला. मला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर मी तेव्हा मॅडमच्या नकाशावर दोन रेषा मारत होते.

बाबांनी नारळ माझ्या हातात दिला.

“सोड.”

“मी?”

“हो नारळ मोठ्या झिलान सोडूचो असता,” बाबा म्हणाले. “माझ्या बापसान माझ्या हातात दिल्यान तेवा मी तुझ्याच वयाचो होतंय. सोड.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते माझ्या कॉलेजसाठी जागा दाखवत नव्हते. ते मला त्यांच्या मागचा तांडेल करत होते. मला, होडी हाकता न येणाऱ्या, साडीचा पदर खोचून होडीची कड धरून बसलेल्या मुलीला. माझे डोळे भरून आले. नारळ पाण्यात सोडला. तो जरा बुडाला आणि वर येऊन डुलत राहिला.

“आता रडू नको,” बाबा म्हणाले. “काम आसा.”

त्यांनी शिशाचा गोळा काढला, तळाचं काही चिकटून यावं म्हणून त्याच्या बुडाला साबण चोपडला आणि दोरी सोडली. मी वाव मोजत होते. बावीस भरले आणि दोरी सैल पडली. वर ओढला तर साबणावर चिखलाचा मागमूस नव्हता. शिंपल्यांचा चुरा रुतला होता आणि शिशावर ताजा ओरखडा होता. मी तो साबण कापून बाटलीत भरला तेव्हा बाबा हसून लोटपोट झाले. “साबण घेवन मुंबयक जातली!”

मग गळ. पहिल्यांदा तांबोशी आली, हातभर लांब आणि लालबुंद. मग हेकरू. मग बराच वेळ काही नाही. मग एकदा गळ खाली अडकला. एरवी बाबांनी तो कापून टाकला असता. त्या दिवशी त्यांनी दोरी माझ्या हातात दिली, स्वतः मागून धरली आणि दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. “एकदम नको,” ते म्हणत होते, “हळू हळू, दम धरून.” खाली काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि दोरी जड होऊन वर यायला लागली.

लाल रंगाचा, पिंपळाच्या जाळीदार पानासारखा एक मोडका समुद्रपंखा पाण्यातून वर आला. त्याच्या फांद्यांना गच्च मिठी मारून एक जटाळं बसलं होतं. पहिल्यापेक्षा लहान. जिवंत. मी त्याला बादलीतल्या पाण्यात ठेवलं तेव्हा त्याने एक हात सोडला, पाणी चाचपलं आणि पुन्हा पंखा धरला.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाबांनी कानावर हात ठेवले. पण त्यांचेही डोळे लकाकत होते. बादलीवर वाकून ते म्हणाले, “आमच्या दर्यातला आसा. बघ कसां बसलाहा, घरधन्यासारखां.”

परतताना मात्र मी बादली मांडीत धरून बसले होते आणि विचार करत होते. काल मला जागा सांगायची घाई होती, कारण ती माझी नव्हती. आता ती माझी होती. तांडेल खूण एकालाच सांगतो. मला सांगितली होती. मग मी ती नकाशावर कशी मांडू? आज्याने जिवापाड जपलेली, भावाभावांत फूट पाडून जपलेली जागा, तिच्यावर आमची चूल पेटत होती. निबंध छापला की एका हंगामात तिथे होड्यांची जत्रा भरली असती.

“बाबा, मॅडमना काय सांगू?”

“तुका दिलंय,” मशीनच्या आवाजावरून ते ओरडले. “आता तुझां तू बघ.”

आणि त्यांनी होडी खाडीच्या तोंडाकडे वळवली.

मॅडम ठरल्याप्रमाणे आल्या. दुपार उतरत होती, होड्या लागल्या होत्या, धक्क्यावर लिलाव नुकताच आटपला होता. मॅडमनी चप्पल काढून पिशवीत टाकली, ओल्या धक्क्यावरून अनवाणी चालत आल्या आणि माशांच्या उपड्या पेटीवर बसल्या. दुसऱ्या पेटीवर नकाशा पसरला. मी नवं जटाळं पुढे ठेवलं, समुद्रपंखा ठेवला, साबणाची बाटली ठेवली. मॅडम भिंग लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. भोवती माणसं जमत गेली. खलाशी, टोपल्यावाल्या बायका, जाळी खांद्यावर टाकलेले तांडेल. भिकूकाका तर घोळक्याच्या अगदी पुढे, हात मागे बांधून.

“तांडेलसाहेब,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “हा खडकावरचाच आहे. आता काही म्हणणं नाही.”

“तुमी आदीच म्हणालास,” बाबा हात जोडून म्हणाले. “खोटां पकडलास, बाय. मानला.”

मॅडम खळखळून हसल्या. त्यांना हसता येतं हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्याकडे बघितलं.

“सांग. कुठे?”

धक्क्यावरची माणसं आणखी जवळ सरकली. कशाची जागा विचारली जातेय, हे सगळ्यांना कळलं होतं. बंदरात गोष्ट लपते कुठे? माझी बाबांकडे नजर गेली, ते समुद्राकडे बघत होते. घोळक्यात काकांची मान लांब झालेली दिसली.

“मॅडम,” मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, “ही जागा... आमच्या घराची आहे. माझ्या आजोबांनी शोधलेली. आजवर कुणालाच सांगितलेली नाही.”

मॅडमनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा घोळक्याकडे. त्यांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“मला समजलं,” त्या म्हणाल्या. “असं करू. खरी जागा फक्त मी बघेन. निबंधात ‘देवगडच्या दक्षिणेचा समुद्र, खडकाळ तळ’ एवढंच लिहू. नोंद जरा पातळ होईल, पण होईल. जिथे प्राण्याला धोका असतो तिथे आम्हीसुद्धा जागा झाकतो.”

माझ्या जिवात जीव आला. नोंद होणार होती, खडपही राहणार होता. मी “हो” म्हणायला तोंड उघडलं.

“झाकूक कित्या?” बाबा म्हणाले.

ते वळले होते. आवाज चढलेला नव्हता, पण धक्क्याच्या टोकापर्यंत पोचला.

“चोरीचो माल आसा काय, पत्तो लपवूक? माझ्या चेडवाचां नाव छापून येतला. तेच्याखाली जागो अर्दो लिवलो, तर वाचणारो म्हणतलो, ह्या चेडवाकच धड म्हायत नाय. तां माका चलाचा नाय.” ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “माझ्या बापसान माका खूण सांगलान आणि म्हणालो, कोणाक सांगू नको. मी पाळलंय. भाव तुटलो, तरी पाळलंय. आता मी माझ्या चेडवाक सांगतंय.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डांबराचा, गळाचा, माशाचा वास असलेला तो खरखरीत हात. “सगळ्यांक सांग.”

आयुष्यात मला पुढे बरंच काही मिळालं. पण त्या धक्क्यावर, त्या हाताखाली उभं असताना मी जेवढी उंच होते तेवढी पुन्हा कधी झाले नाही.

मॅडमनी पेन्सिल उचलली. त्यांचा चष्मा ओला झाला होता. तो पुसायचं सोडून त्या तशाच नकाशावर वाकल्या.

मी किनाऱ्याकडे तोंड केलं आणि बोलायला लागले. दीपगृह सड्यामागच्या डोंगराच्या खाचीत. बेटाचं दक्षिणेचं टोक किल्ल्याच्या शेवटच्या बुरजाला. आवाज बारीक येत होता, मागच्या तांडेलांनी कान पुढे केले तरी त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

घोळक्यातून भिकूकाका पुढे आले. बाबांच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. वर्षानुवर्षं ज्या शब्दांच्या मागे ते दर्याभर फिरले होते, ते त्यांच्या पुढ्यात होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मोठ्यान बोल गो, तांडेलणी,” ते म्हणाले. “मागे ऐकाक येणा नाय.”

मी श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्याने.